पटावर वीस

  लोकलमध्ये असाल, होस्टेलवर असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आणि जे ऐकण्याऐवजी इथे ब्लॉगवर वाचतायत, त्यांचंही.

मागच्या शाळेच्या एपिसोडनंतर बऱ्याच व्हॉइस नोट्स आल्या. त्यातल्या निम्म्यांचा सूर एकच होता, "ताई, तू आयर्लंडला शिकलीस ना? मग तिकडच्या शाळेबद्दल बोल की!" म्हणून आज तेच. फक्त एक सांगून ठेवते. परदेशातली शाळा म्हटलं की डोळ्यांपुढे स्विमिंग पूल, लॉकर आणि सिनेमात दिसतं तसं लांबलचक जेवणघर येतं. तसलं काही आज मिळणार नाही. माझी शाळा दोन खोल्यांची होती. दोन शिक्षक, आणि मुलं मोजून वीस-एकवीस. या 'मोजून' शब्दाबद्दलच आज बोलायचंय, कारण तिथे खरोखर मोजायचे.

तर सुरुवातीपासून. २००८ साली बाबांना आयर्लंडमध्ये हॉस्पिटलात नोकरी लागली. देशाच्या पश्चिम टोकाला मेयो नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं समजा. तिथे एका गावाबाहेर आम्ही भाड्याने राहायला गेलो. मी पाच वर्षांची होते, आणि धाकटा भाऊ त्याच वर्षी झालेला, आईच्या कडेवर. गावात काय काय होतं? चर्च, पब, एक दुकान, फुटबॉलचं मैदान आणि शाळा. बाकी मेंढ्या आणि पाऊस. पाऊस म्हणजे आपल्यासारखा धो-धो येऊन मोकळा होणारा नाही. दिवसभर चिरचिर. आई म्हणायची, "या पावसाला पडायलाही येत नाही आणि थांबायलाही येत नाही."

तिकडच्या प्राथमिक शाळेला 'नॅशनल स्कूल' म्हणतात. ही व्यवस्था १८३१ पासूनची आहे. आठ वर्षांची शाळा असते. आधी ज्युनिअर इन्फंट्स, सीनिअर इन्फंट्स, आणि मग पहिली ते सहावी. आमच्याकडे इन्फंट्स ते दुसरी एका खोलीत बाईंकडे, तिसरी ते सहावी दुसऱ्या खोलीत हेडमास्तरांकडे. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या वाडीवरच्या शाळांना 'द्विशिक्षकी शाळा' म्हणतात ना, अगदी तेच.

एका खोलीत चार वर्ग कसे चालतात, हे शहरातल्या लोकांना कळतच नाही. बाई एका वर्गाला शिकवायच्या, तेव्हा बाकीचे तीन वर्ग आपापलं लिहीत बसायचे. पण कान थोडेच बंद असतात? मी पहिलीत होते तेव्हा दुसरीच्या मुलांची वजाबाकी माझ्या कानावर पडून पडून पाठ झाली होती. आणि दुसरीत गेल्यावर बाई सांगायच्या, "जा, त्या छोट्यांचं वाचन ऐक." चार वर्षांचं पोरगं शेजारी बसून अक्षरावर बोट ठेवून अडखळतंय आणि आपण सात वर्षांची मोठी माणसं होऊन ऐकतोय! माझ्या वर्गात आम्ही तिघं होतो. पहिला नंबर, दुसरा नंबर ही भानगडच नव्हती. तिघांत कसला नंबर काढायचा?

आता भाषेची गंमत. घरी मराठी, गावात इंग्रजी, आणि शाळेत तिसरी भाषा, आयरिश. तिथल्या प्राथमिक शाळांत आयरिश शिकवतातच. पहिल्या आठवड्यात मी घरी येऊन आईला सांगितलं, "आमच्या बाई चोर आहेत." आई घाबरली. मग उलगडा झाला. आयरिशमध्ये शिक्षकाला जो शब्द आहे त्याचा उच्चार होतो 'मूनचोर'. मला वाटलं, चंद्र चोरणाऱ्या बाई. आमच्या घरी त्या शेवटपर्यंत मूनचोर बाईच राहिल्या.

दुसरी गंमत आकड्यांची. आयरिशमध्ये मोजतात ते ऐका, 'अ हेन, अ दो, अ त्री'. दो! त्री! आईने पोळी लाटता लाटता लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, "अगं, हे तर आपलंच आहे." आणि ते खरंही आहे. आयरिश आणि संस्कृत या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या भाषा आहेत, त्यामुळे आकडे चुलत भावंडांसारखे दिसतात. आठला ते 'ओख्त' म्हणतात. विसाला 'फिहे' म्हणतात. हा 'फिहे' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि हजेरी. रोज सकाळी नाव पुकारलं की आपण 'प्रेझेंट मिस' किंवा 'हजर' म्हणतो. तिथे म्हणायचं 'अन्शो'. अर्थ साधा आहे, 'इथे'. मी इथे आहे. वीस मुलांची हजेरी दोन मिनिटांत संपते, पण एक 'अन्शो' कमी आला तर सगळ्यांची मान वळते. कोण नाही आलं? का नाही आलं? चाळीस-पन्नासांच्या वर्गात हे होत नाही.

लहान शाळेत आणखी एक गोष्ट होते. तुम्हाला काही येतं की नाही हे कोणी विचारत नाही. तुम्ही लागता. तिथे गेलिक फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. शाळांच्या सामन्यात सात जणांचा संघ काढायचा होता. मोठ्या वर्गांत मुलं-मुली मिळून होते नऊ, त्यातल्या एकाचा हात प्लास्टरमध्ये. मग मला गोलपोस्टात उभं केलं. मला फुटबॉल येत होता म्हणून नाही, सातवं माणूस हवं होतं म्हणून. किती गोल खाल्ले ते विचारू नका. पण पुढच्या शनिवारी हेडमास्तर स्वतः मैदानावर येऊन मला बॉल अडवायला शिकवत होते. कारण मी सुधारले नाही तर दुसरी कोणी नव्हतीच!

बरं, सगळं गोड-गोड होतं असंही नाही. तिथल्या बहुतेक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली चालतात. दुसरीत मुलांचा 'फर्स्ट कम्युनिअन' हा धार्मिक सोहळा असतो आणि त्याची तयारी शाळेच्या वेळातच चालते. माझ्या वर्गातली बाकी दोघं त्यात. उरले मी. बाई मला त्या वेळी हेडमास्तरांच्या खोलीत पाठवायच्या, मोठ्या मुलांबरोबर गणितं करायला. मी आडून आडून खिडकीतून बघायचे, त्यांची गाणी चाललेली असायची. एकटं वाटायचं. सोहळ्याच्या दिवशी मात्र आईने बेसनाचे लाडू केले आणि आम्ही सगळे चर्चच्या हॉलमध्ये चहाला गेलो. लाडू पाच मिनिटांत संपले.

चौथीत हेडमास्तरांनी आम्हाला काही जुन्या पानांच्या प्रती दाखवल्या. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधल्या शाळांनी एक मोठं काम केलं होतं. मोठ्या वर्गांतल्या मुलांनी आपापल्या आजी-आजोबांकडून गोष्टी, घरगुती औषधं, म्हणी, गावातल्या जागांची नावं गोळा करून वह्यांत लिहून काढली. जवळपास ५,००० शाळा, सुमारे ५०,००० मुलं. त्या वह्या आज इंटरनेटवर आहेत, कोणीही वाचू शकतं. आमच्या गावच्या मुलांची पानं त्यात होती. निळ्या शाईतलं सुबक अक्षर, आणि खाली नाव. आडनावं तीच, जी आमच्या बाकांवर बसलेली होती! माझ्या शेजारच्या मुलाने एका नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे माझे पणजोबा." आमच्या शेजारी राहणारे एक आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी हिवाळ्यात प्रत्येक मुलाने घरून एक 'टर्फ' आणायचं असायचं. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीची वीट, ती जळणासारखी वापरतात. ती आणली तर वर्गातली चूल पेटणार. आणि तेव्हा शाळेत मुलं किती? "बाकावर ढकलाढकली असायची," ते म्हणायचे.

मग मुलं गेली कुठे? हे समजायला मेयोचा इतिहास थोडा बघायला लागतो. १८४१ च्या जनगणनेत मेयोची लोकसंख्या होती जवळपास ३ लाख ८९ हजार. त्यानंतर बटाट्याचं पीक गेलं, मोठा दुष्काळ पडला. माणसं मेली, उरलेली बोटीत बसून अमेरिकेला, इंग्लंडला गेली. आणि ही जाण्याची सवय पुढच्या पिढ्यांनाही लागली. २०११ च्या जनगणनेत मेयोत होती सुमारे १ लाख ३० हजार माणसं. म्हणजे १७० वर्षांत तिनातलं एक माणूस उरलं. आपल्या कोकणात दाराला कुलूप लावलेली घरं पाहिली असतील, तर मला काय म्हणायचंय ते तुम्हाला लगेच कळेल.

आम्ही गेलो त्याच वर्षी, २००८ ला, तिकडे मंदी आली. घरबांधणी ठप्प झाली. गावातले गवंडी, सुतार, इलेक्ट्रिशियन ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला निघाले. एका सोमवारी हजेरीत दोन नावं पुकारलीच नाहीत. दोघं भाऊ होते, पर्थला गेले.

आणि मग आला आकडा. डिसेंबर २०११ च्या बजेटमध्ये सरकारने खर्चाला कात्री लावली आणि लहान शाळांचे नियम बदलले. आधी शाळेत १२ मुलं असली की दुसरा शिक्षक मिळायचा. आता ही अट टप्प्याटप्प्याने वाढणार होती. आधी १४, मग १७, आणि २०१४ पासून २०. मोजणी कधीची धरणार? आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरची. म्हणजे सप्टेंबर २०१४ मध्ये दोन शिक्षक हवे असतील, तर ३० सप्टेंबर २०१३ ला पटावर वीस नावं असायला हवीत. एकोणीस असतील तर मूनचोर बाई जाणार. जादा ठरलेल्या शिक्षकांची तिथे यादी असते, त्यात त्यांचं नाव लागणार, आणि उरलेले एकटे हेडमास्तर आठ वर्ग सांभाळणार. आपल्याकडे याला 'समायोजन' म्हणतात. शब्द वेगळा, पण पोटात येणारा गोळा तोच.

२०१३ चा उन्हाळा. गावात प्रत्येकाला हिशोब तोंडपाठ होता. सहावीतून किती जाणार, इन्फंट्सला किती येणार. बेरीज होत होती बरोबर वीस. त्या विसात मी होते, आणि आदल्या वर्षीच शाळेत घातलेला माझा भाऊ होता.

आणि नेमकी त्याच जुलैत बाबांना डब्लिनच्या हॉस्पिटलात जागा मिळाली. तिकडे ज्युनिअर डॉक्टरांच्या जागा जानेवारीत आणि जुलैत बदलतात, त्यामुळे हे कधीतरी होणारच होतं. डब्लिन म्हणजे अडीचशे किलोमीटर, देशाचं दुसरं टोक.

आम्हाला 'राहा' असं कोणीही म्हणालं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुकानातल्या काकू पावाचं पाकीट देताना फक्त एवढंच म्हणाल्या, "सप्टेंबरात इथेच आहात ना?" आणि लगेच हवामानावर बोलायला लागल्या. हेडमास्तर एका संध्याकाळी घरी आले. चहा घेतला, आईला म्हणाले, "तुमच्या घराला जे योग्य ते करा. शाळेची काळजी ही माझी काळजी आहे, तुमची नाही." आणि गेले.

त्या रात्री मी जिन्यात बसून आई-बाबांचं बोलणं ऐकलं. पूर्ण आठवत नाही, पण एवढं आठवतं.

बाबा म्हणाले, "आपण काय शाळेचा ठेका घेतलाय का? दोन ठिकाणी भाडं भरायचं, मी तिकडे एकटा, तू इकडे दोन पोरं घेऊन एकटी. कशासाठी?"

आई म्हणाली, "अहो, ठेक्याचं कोण बोलतंय? दहा सालच्या बर्फात तुम्ही नाइट ड्युटीला अडकला होतात, गाडी सुरू होईना, याला ताप. तेव्हा ट्रॅक्टर घेऊन कोण आलं होतं?"

बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जूनपर्यंत. त्यापुढे नाही."

आई म्हणाली, "जूनपर्यंतच म्हणतेय मी."

बाबा एकटे डब्लिनला गेले. एक खोली घेतली, शनिवार-रविवारी सुट्टी असेल तर ट्रेनने यायचे.

त्या सप्टेंबरात आणखी एक प्रकार घडला. २२ तारखेला ऑल-आयर्लंड फुटबॉल फायनल होती, मेयो विरुद्ध डब्लिन. मेयोने शेवटचं विजेतेपद मिळवलं होतं १९५१ साली! त्यामुळे गावभर हिरवे-लाल झेंडे, मेंढ्यांच्या पाठीवरही हिरवा-लाल रंग. शाळेच्या कुंपणाला आम्ही फडकी बांधली होती. आम्ही हरलो. एका पॉइंटने. तिकडे गोलचे तीन पॉइंट धरतात, तशी बेरीज केली तर १८ विरुद्ध १७. एका आकड्याने काय होतं, हे गावाला आठ दिवसांत दोनदा बघायचं होतं.

३० सप्टेंबर सोमवारी आला. खरं तर त्या दिवशी वर्गात हजर असण्याची गरज नव्हती, नाव पटावर असलं की पुरे. पण हे गावाला सांगणार कोण? एक मुलगा नाक गळत, डोळे लाल, अशा अवस्थेत आला. त्याच्या आईने त्याला दोन स्वेटर घालून पाठवलं होतं. हेडमास्तर त्या दिवशी हजेरीचं पुस्तक घेऊन आधी बाईंच्या खोलीत गेले, मग आमच्याकडे आले. मधलं दार उघडंच होतं. एकेक 'अन्शो' ऐकू येत होता. माझ्या भावाचा आवाज सगळ्यांत मोठा. आमच्या खोलीतलं शेवटचं नाव झालं, सरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "फिहे." वीस. मग लगेच, "चला, भूगोलाची पुस्तकं काढा."

बस, एवढंच. टाळ्या नाहीत, केक नाही. पण मधल्या सुट्टीत बाई आमच्यात लंगडी खेळायला आल्या, तशा त्या कधी आल्या नव्हत्या.

जून २०१४ मध्ये शाळा सुटली आणि ठरल्याप्रमाणे आम्ही डब्लिनला गेलो. तिथे माझ्या एका वर्गातच तीस मुलं होती. म्हणजे आमची आख्खी शाळा आणि वर दहा! शाळा चांगली होती, लायब्ररी होती, माझ्या वयाच्या मुली होत्या, मैत्रिणी झाल्या. मेयोत माझ्या वयाची मुलगी एकच होती, आणि तिच्याशी भांडण झालं की संपलंच सगळं. ही लहान शाळेची खरी अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही.

आम्ही गेल्यावर त्या सप्टेंबरात तिकडे पटावर सतरा उरले. २०१५ ला बाई गेल्याच. पुढे सरकारने ती अट थोडी सैल केली, पण आमच्या शाळेत आजही एकच शिक्षिका आहे. शाळा मात्र सुरू आहे.

मग आमच्या राहण्याने काय झालं? मी हे आईला मोठी झाल्यावर विचारलं. ती म्हणाली, "एक वर्ष मिळालं." त्या एका वर्षात चार इन्फंट्स होते. त्यांना पहिली अक्षरं गिरवायला, वाचायला शिकवायला पूर्ण वेळ एक बाई होत्या. चार मुलं. आकड्यात बघितलं तर काहीच नाही. त्या चारांपैकी एक असाल, तर सगळंच आहे.

आम्ही २०१६ ला परत आलो. माझी आत्या सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०२३ मध्ये महाराष्ट्रात चर्चा सुरू झाली की वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायच्या. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त आहेत. आत्याने फोनवर 'वीस' म्हटलं आणि मला एकदम 'फिहे' ऐकू आलं. तोच आकडा! सुमारे आठ हजार किलोमीटरवर, दुसऱ्या सरकारने, दुसऱ्या भाषेत काढलेला.

समूह शाळेच्या बाजूने मुद्दे आहेत, आणि ते फुसके नाहीत. पाच मुलांच्या शाळेत खो-खोचा संघ होत नाही. एकटे गुरुजी शिकवणार कधी आणि ऑनलाइन माहिती भरणार कधी? पण पाटणच्या डोंगरात जुलैच्या पावसात ओढा भरून वाहतो तेव्हा सहा वर्षांच्या मुलीला दुसऱ्या गावच्या शाळेत कोण नेणार? शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं ठरवलं, ते अशाच मुलींसाठी. आत्याचं म्हणणं सोपं आहे, "आधी येऊन बघा, मग मोजा." मला ते पटतं. काही शाळा खरंच एकत्र करायला हव्या असतील. पण ते ठरवताना ओढा बघायला हवा, रस्ता बघायला हवा, त्या बाईंच्या हाताखालची मुलं वाचतात कशी ते ऐकायला हवं. हे पटाच्या रकान्यात येत नाही.

तर आज तुमच्यासाठी एक काम. तुमच्या पहिल्या शाळेत पट किती होता? ती शाळा आज सुरू आहे का? माहीत नसेल तर गावी एक फोन करा, आजीला विचारा, तिला सगळं माहीत असतं. आणि मला व्हॉइस नोट पाठवा. सुरुवातीला तुमचं नाव सांगा आणि म्हणा, 'अन्शो'. पुढच्या एपिसोडमध्ये आपण त्या ऐकू.

काळजी घ्या मंडळी. भेटू पुढच्या शुक्रवारी.